एचपीएलसीवरचे पहिले विश्लेषण : द्रावकाच्या बाटलीपासून कॉलमच्या डबीपर्यंत

मी एचपीएलसी, म्हणजे दाबाने द्रव ढकलून मिश्रणातील घटक वेगळे करण्याची आणि मोजण्याची पद्धत, शिकायला सुरुवात केली तेव्हा मला सगळ्यात आधी संगणकाचा पडदा दाखवण्यात आला. पद्धत कुठे उघडायची, नमुन्यांची यादी कशी भरायची, शिखराखालचे (घटक बाहेर पडताना आलेखावर उमटणाऱ्या उंचवट्याखालचे) क्षेत्रफळ कुठे वाचायचे, हे सगळे मी दोन दिवसांत शिकले. त्यानंतरचे कित्येक महिने मात्र मी ज्या अडचणींशी झगडत होते, त्यांपैकी जवळजवळ एकही पडद्यावर सुरू झालेली नव्हती. कधी तिचे मूळ द्रावकाच्या बाटलीत असे, कधी सामू मोजण्याच्या पद्धतीत, कधी तराजूवर, तर कधी आदल्या संध्याकाळी घाईने बंद केलेल्या पंपात. पडद्यावर शिखर उमटते तेव्हा त्याचे खरेखोटेपण बहुतांशी आधीच ठरून गेलेले असते, आणि म्हणून हा लेख मी यंत्राच्या बटणांपेक्षा त्या आधीच्या कामांवर जास्त लिहीत आहे.

उदाहरणासाठी कॅफीन घेतले आहे. ते पाण्यात विरघळते, द्रावणात टिकते, २७३ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश चांगला शोषते आणि नेहमीच्या सामूंना विद्युतभाररहित राहते. त्यामुळे पहिल्या प्रयोगात बफरची, म्हणजे सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणाची, गुंतागुंत टाळता येते.

१. आत काय घडते ते आधी समजून घ्या

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून वनस्पतींची रंगद्रव्ये खाली झिरपू दिली, तेव्हा नळीत रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, हे नाव दिले. आज आपण तपासतो ते बहुतेक पदार्थ रंगहीन असतात, पण तत्त्व तेच आहे. नळीत भरलेले कण जितके बारीक, तितके विलगीकरण चांगले होते. मात्र कण बारीक झाले की द्रव सहजासहजी पुढे सरकत नाही आणि त्याला पंपाने ढकलावे लागते. इतर सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या तर दाब कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ५ मायक्रोमीटरच्या जागी ३ मायक्रोमीटरचे कण भरलेला तेवढाच कॉलम (म्हणजे ही भरलेली नळी) लावला, तर दाब सुमारे पावणेतीन पट होतो.

तुमच्या हाती पहिला कॉलम बहुधा सी-१८ प्रकारचा येईल. त्यात सिलिकाच्या सच्छिद्र कणांवर अठरा कार्बन अणूंच्या साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्या अध्रुवीय असतात आणि त्यांच्यावरून वाहणारा द्रव, म्हणजे मोबाइल फेज, त्यांच्या मानाने ध्रुवीय असतो. नमुन्यातील प्रत्येक रेणू काही वेळ साखळ्यांपाशी थांबतो आणि काही वेळ द्रवाबरोबर पुढे जातो. मला हे उशिरा उमगले, पण उमगल्यावर बरेच काही सोपे झाले: चालण्याचा वेळ सगळ्या घटकांचा सारखाच असतो, फरक पडतो तो फक्त थांबण्याच्या वेळेत.

१५० मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर आतील व्यासाच्या कॉलममध्ये कणांच्या आत-बाहेर मिळून सुमारे दीड मिलिलिटर द्रव मावतो. मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह असेल, तर कुठेही न थांबणारा रेणू दीड मिनिटात बाहेर पडतो. समजा कॅफीनचे शिखर ४.५ मिनिटांना आले, तर त्यातली दीड मिनिटे चालण्याची आणि तीन मिनिटे थांबण्याची. थांबण्याच्या वेळेला चालण्याच्या वेळेने भागले की २ येतात. याला धारण गुणक म्हणतात आणि तो साधारण २ ते १० च्या दरम्यान असावा. १ च्या खाली गेला तर तुमचा घटक नमुन्यातील न थांबणाऱ्या इतर पदार्थांत मिसळतो, आणि १० च्या फार वर गेला तर शिखर रुंद व बुटके होते आणि वेळही वाया जातो. मोबाइल फेजमधील सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढवले की धारण गुणक ढोबळमानाने दोन ते तीन पटींनी कमी होतो. नवी पद्धत बसवताना हा अंदाज फार उपयोगी पडतो.

२. कागदपत्रे आणि साहित्य गोळा करा

काम सुरू करण्यापूर्वी पुढील कागद टेबलावर असू द्या:

• विश्लेषणाची लेखी पद्धत, तिची चालू आवृत्ती;
• स्टँडर्डचे (तुलनेसाठी घेतलेल्या, शुद्धता माहीत असलेल्या पदार्थाचे) विश्लेषण प्रमाणपत्र, ज्यावर शुद्धता आणि ती कोणत्या आधारावर काढली आहे हे लिहिलेले असते;
• कॉलमबरोबर आलेला चाचणीचा आलेख व सूचनापत्र;
• वापरणार असलेल्या द्रावकांची सुरक्षितता माहितीपत्रके;
• यंत्र, तराजू आणि सामूमापक यांच्या अंशशोधनाच्या नोंदी;
• यंत्राची व कॉलमची नोंदवही.

साहित्यात एचपीएलसी दर्जाचे मेथॅनॉल, १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचे अतिशुद्ध पाणी, ०.४५ मायक्रोमीटरचे गाळणकागद आणि सिरिंज फिल्टर, अ-वर्गाचे मोजफ्लास्क व पिपेट, स्वच्छ व्हायल आणि त्यांची झाकणे, हातमोजे व सुरक्षा चष्मा लागतो. मेथॅनॉल आणि अॅसिटोनायट्राइल दोन्ही विषारी व ज्वलनशील आहेत. त्यांचे काम धूरकपाटात करा आणि वापरलेला द्राव बेसिनमध्ये न ओतता टाकाऊ द्रावकांच्या झाकणबंद बाटलीत जमा करा.

कॉलमबरोबर आलेला चाचणीचा आलेख बहुतेक जण डबीतच ठेवून देतात. तो बाहेर काढून नोंदवहीत चिकटवा. कॉलम नवा असताना कसा वागत होता याचा तो एकमेव पुरावा असतो, आणि सहा महिन्यांनी शिखरे बिघडली की तुलना करायला दुसरे काहीच हाती नसते.

३. मोबाइल फेज तयार करा

आपल्या उदाहरणासाठी ४० भाग मेथॅनॉल आणि ६० भाग पाणी घ्यायचे आहे. दोन्ही वेगवेगळ्या मोजपात्रांत मोजा आणि मग एकत्र करा. ४०० मिलिलिटर मेथॅनॉल घेऊन त्याच पात्रात १००० च्या खुणेपर्यंत पाणी ओतणे ही अगदी नेहमीची चूक आहे. मेथॅनॉल आणि पाणी मिसळल्यावर एकूण आकारमान थोडे आक्रसते, त्यामुळे खुणेपर्यंत ओतताना पाणी ६०० मिलिलिटरपेक्षा जास्त जाते. तुमचे शिखर सहकाऱ्याच्या शिखरापेक्षा सतत थोडे उशिरा येत असेल, तर आधी एवढे विचारा की त्याने द्रव मोजला कसा.

मेथॅनॉल पाण्यात मिसळताना मिश्रण गरम होते, तर अॅसिटोनायट्राइल मिसळताना ते थंड पडते. दोन्ही बाबतींत मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड मिश्रणात विरघळलेली हवा ते तापू लागल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि ती बाटलीत बाहेर आलेली बरी, पंपात नव्हे. त्यानंतर मिश्रण निर्वात पंपाच्या साहाय्याने ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणकागदातून गाळा आणि त्यातील हवा काढून टाका. यंत्राला स्वतःचा डीगॅसर (हवा काढणारा भाग) असला तरी दहा मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवण्याची सवय चांगली.

तरंगलांबी पाहून द्रावक निवडावा लागतो. अॅसिटोनायट्राइल सुमारे १९० नॅनोमीटरपर्यंत आणि मेथॅनॉल सुमारे २०५ नॅनोमीटरपर्यंत वापरता येते. त्याखाली द्रावक स्वतःच प्रकाश शोषू लागतो. कॅफीन आपण २७३ नॅनोमीटरला मोजणार आहोत, म्हणून मेथॅनॉल चालेल. २१० नॅनोमीटरला मोजायचे असते, तर मी मेथॅनॉलचा विचारही केला नसता.

बाटलीवर मिश्रणाचे नाव, प्रमाण, तारीख आणि तुमची सही हवी. अर्धी रिकामी झालेली जुनी बाटली नव्या मिश्रणाने भरून घेऊ नका. नुसत्या पाण्यात आणि बफरमध्ये दोन-तीन दिवसांत जीवाणू वाढू लागतात, आणि ते आधी गाळणीत व नंतर कॉलमच्या तोंडाशी जाऊन बसतात.

४. बफर लागणार असेल तर

कॅफीनला बफर लागत नाही. पण तुमचे पुढचे विश्लेषण आम्ल किंवा आम्लारीधर्मी पदार्थाचे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून हा टप्पा इथेच सांगून ठेवते.

असा पदार्थ ज्या सामूला अर्धा आयनरूपात आणि अर्धा मूळ रूपात असतो, ते त्याचे पीकेए मूल्य. मोबाइल फेजचा सामू या मूल्याच्या जवळ असेल, तर सामूतल्या अगदी लहान फरकानेही धारणकाळ (शिखर येण्याची वेळ) सरकतो. म्हणून सामू पीकेए मूल्यापासून शक्यतो दोन एककांनी दूर ठेवावा, आणि बफर असा निवडावा की त्याचे स्वतःचे पीकेए मूल्य हव्या त्या सामूपासून एका एककाच्या आत असेल. फॉस्फेटची पीकेए मूल्ये २.१, ७.२ आणि १२.३ आहेत, अॅसिटेटचे ४.८ आणि फॉर्मेटचे ३.८.

यात एक सापळा आहे आणि नवशिके त्यात हमखास अडकतात. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाण्यात विरघळवले की सामूमापक आपोआप ४.५ च्या आसपास दाखवतो. आकडा हवा तसा दिसतो, आम्ल घालावे लागत नाही आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात ४.५ हा आकडा २.१ आणि ७.२ यांच्या जवळजवळ मधोमध आहे, म्हणजे जिथे फॉस्फेटची सामू राखण्याची शक्ती सर्वांत कमी आहे नेमका तिथे. नमुना थोडा आम्लधर्मी असला तरी असा बफर त्याला आवरू शकत नाही. सामू ४.५ हवा असेल तर अॅसिटेट घ्या. फॉस्फेटच घ्यायचे असेल, तर लिटरमागे २.७२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट विरघळवून २० मिलिमोलर द्रावण करा आणि ऑर्थोफॉस्फोरिक आम्लाने सामू ३.० वर आणा.

सामू नेहमी सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी, नुसत्या पाण्यातील बफरमध्ये मोजा. मिश्रणात बुडवलेला सामूमापक काहीतरी आकडा दाखवतोच, पण त्याचा अर्थ लावता येत नाही आणि तो दुसऱ्याला पुन्हा साधता येत नाही. सिलिकावर आधारित साधे कॉलम २ ते ८ या सामूंच्या दरम्यानच वापरा. खाली गेल्यास साखळ्या तुटू लागतात आणि वर गेल्यास सिलिकाच विरघळू लागते.

५. पंप सुरू करा आणि दाब वाचा

कॉलम जोडण्यापूर्वी पर्ज व्हॉल्व्ह उघडून मिनिटाला ४-५ मिलिलिटर प्रवाहाने नळ्या नव्या मोबाइल फेजने भरून घ्या. आधीच्या व्यक्तीने बफर वापरला होता का, हे नोंदवहीत पाहा. असल्यास सेंद्रिय द्रावक आत नेण्याआधी पाणी फिरवा.

कॉलमवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवून फक्त आवकेची बाजू जोडा आणि मिनिटाला ०.२ मिलिलिटरने सुरुवात करा. दुसऱ्या टोकाला एक थेंब तयार होईल, फुगेल आणि गळेल. असे काही थेंब कागदी रुमालावर घ्या, त्यात बुडबुडे किंवा कण नाहीत हे पाहा आणि मगच ते टोक डिटेक्टरला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या द्रवाचे प्रकाशशोषण मोजणाऱ्या भागाला, जोडा. प्रवाह एकदम न वाढवता ०.५ आणि मग १.० वर न्या.

जोडणीचा नट आवळताना नळी कॉलमच्या तोंडात अगदी तळापर्यंत टेकलेली हवी. एका बनावटीच्या कॉलमवर घट्ट बसलेला स्टीलचा फेरूल (नळीभोवती आवळला जाणारा कडा) दुसऱ्या बनावटीच्या कॉलमवर लावला, तर नळीचे टोक आत कमी पडते आणि तिथे एक चिमुकली पोकळी उरते. गळती काही दिसत नाही, पण त्या पोकळीत घटक पुन्हा मिसळतात आणि शिखरे रुंद होतात. हाताने आवळण्याच्या पीक नावाच्या प्लास्टिकच्या जोडण्या इथे सोयीच्या पडतात. टेट्राहायड्रोफ्युरान किंवा क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर मात्र त्या टाळा.

आता दाबाचा आकडा पाहा. वर सांगितलेला कॉलम, ५ मायक्रोमीटरचे कण, ४०:६० मिश्रण आणि ३० अंश सेल्सिअस तापमान असेल तर तो १०० बारच्या आसपास असावा. मेथॅनॉल आणि पाणी यांचे मिश्रण दोघांपेक्षाही दाट असते, म्हणून शुद्ध पाण्यापेक्षा इथे दाब जास्त दिसला तर घाबरू नका. हा आकडा रोज त्याच परिस्थितीत नोंदवहीत लिहा. वैद्य जशी नाडी पाहतो तसा मी सकाळी हा आकडा पाहते, आणि यंत्राच्या बहुतेक दुखण्यांची पहिली खबर तिथेच मिळते. पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाब हेलकावत असेल, तर पंपात हवा आहे किंवा चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मळला आहे. दाब दिवसागणिक चढत असेल, तर कुठेतरी काहीतरी साचते आहे. तो अचानक उतरला, तर गळती शोधा.

दाब आणि बेसलाइन (शिखर नसतानाची आलेखाची रेषा) दोन्ही स्थिर होईपर्यंत थांबा. कॉलममध्ये मावणाऱ्या द्रवाच्या दहा ते वीस पट द्रव वाहून जावा लागतो, म्हणजे आपल्या कॉलमसाठी पंधरा ते तीस मिनिटे. डिटेक्टरचा ड्युटेरियम दिवाही याच वेळात तापून स्थिर होतो.

६. स्टँडर्ड आणि नमुना तयार करा

प्रमाणपत्र नीट वाचा. कॅफीन निर्जल रूपात आणि एका पाण्याच्या रेणूसह अशा दोन रूपांत मिळते. पहिल्याचे रेणुवस्तुमान १९४.२ आणि दुसऱ्याचे २१२.२. दुसरे रूप घेऊन पहिल्याचे समजून हिशेब केला, तर स्टँडर्ड द्रावणात मानल्यापेक्षा सुमारे साडेआठ टक्के कॅफीन कमी असते. शिखर सुबक येते, सहा इंजेक्शनांचा मेळ उत्तम बसतो, आणि तरीही नमुन्याचा प्रत्येक निकाल जास्त येतो. अशी चूक यंत्र कधीच दाखवून देत नाही.

१०० मिलिग्रॅम निर्जल कॅफीन अचूक वजन करून १०० मिलिलिटरच्या मोजफ्लास्कमध्ये घ्या आणि मोबाइल फेजमध्येच विरघळवा. यातून १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घेऊन प्रत्येकी ५० मिलिलिटर केले, की मिलिलिटरमागे २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅमची पाच द्रावणे मिळतात. वजन तराजूने दाखवले तसे लिहा. १००.३ मिलिग्रॅम आले असेल तर १००.३ च लिहा आणि हिशेबात तेच वापरा.

नमुना शक्यतो मोबाइल फेजमध्येच विरघळवावा. तो शुद्ध मेथॅनॉलसारख्या जास्त तीव्र द्रावकात असेल, तर इंजेक्शनचा तेवढा थेंब कॉलममधून पुढे सरकताना घटकाला थांबूच देत नाही, आणि सुरुवातीची शिखरे पसरतात किंवा दुभंगतात. नमुना सिरिंज फिल्टरमधून गाळताना पहिले २-३ मिलिलिटर टाकून द्या. फिल्टरचा पडदा काही पदार्थ स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून नव्या पदार्थासाठी एकच स्टँडर्ड गाळून आणि न गाळता मोजून पाहा.

७. इंजेक्शनांचा क्रम लावा

आधी कोरे द्रावण द्या, म्हणजे ज्यात घटक नाही पण बाकी सर्व आहे. कॅफीनच्या वेळेला तिथे काहीही उमटता कामा नये. उमटले, तर सुई किंवा व्हायल दूषित आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर मधल्या संहतीचे स्टँडर्ड १० मायक्रोलिटर प्रमाणे सहा वेळा द्या. औषधांच्या विश्लेषणात सर्वसाधारणपणे या सहा क्षेत्रफळांचे सापेक्ष प्रमाण विचलन २ टक्क्यांच्या आत, शिखराचा शेपटी गुणक (शिखर मागे किती ओढले गेले आहे याचे माप) २ च्या आत आणि सैद्धांतिक प्लेट्सची संख्या (कॉलमच्या कार्यक्षमतेचे माप) २००० च्या वर असावी अशी अपेक्षा असते. तुमच्या लेखी पद्धतीत वेगळ्या मर्यादा असतील तर त्याच पाळा.

प्लेट्सची संख्या एकदा तरी हाताने काढा. धारणकाळाला शिखराच्या अर्ध्या उंचीवरील रुंदीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याला ५.५४ ने गुणा. ४.५ मिनिटांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी ०.१२ मिनिट असेल, तर सुमारे ७,८०० येतात.

ही चाचणी उतरली तरच पाच स्टँडर्ड, मग पुन्हा कोरे द्रावण आणि त्यानंतर नमुने द्या. नमुन्यांच्या मध्ये आणि शेवटी तेच मधले स्टँडर्ड पुन्हा द्या, म्हणजे दिवसभरात यंत्र ढळले का ते कळते.

८. शिखर मोजा

संगणक प्रत्येक शिखराखाली एक रेषा ओढून क्षेत्रफळ काढतो. ती रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आलेख मोठा करून स्वतः पाहा. रेषेची जागा बदलायची असेल, तर स्टँडर्ड आणि नमुना या दोघांसाठी एकाच नियमाने बदला आणि कारण लिहून ठेवा. निकाल मनासारखा येईपर्यंत रेषा सरकवणे ही लबाडी आहे, आणि ती नकळत होऊ नये म्हणून मी नियम निकाल पाहण्याआधी ठरवते.

पाच संहतींविरुद्ध पाच क्षेत्रफळे मांडून सरळ रेषा काढा. केवळ सहसंबंध ०.९९९ आला म्हणून समाधान मानू नका. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती टक्के दूर आहे हेही पाहा, विशेषतः सर्वांत खालचा. नमुन्याचे क्षेत्रफळ रेषेच्या टोकांच्या बाहेर गेले, तर रेषा लांबवू नका. नमुना पातळ करून पुन्हा द्या.

९. काही बिघडले तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉलम, मोबाइल फेज आणि दिवा तिन्ही एकदम बदलले आणि अडचण सुटली, तर ती कशामुळे सुटली हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच उभे असता.

दाब वाढला असेल तर डिटेक्टरच्या बाजूने सुरुवात करून प्रवाहाच्या उलट दिशेने एकेक जोडणी सोडत या. जो भाग सोडल्यावर दाब एकदम कोसळतो, तुंबलेला भाग तोच. सगळीच शिखरे सारख्या प्रमाणात उशिरा येऊ लागली आणि न थांबणारे शिखरही मागे सरकले, तर प्रवाह कमी पडतो आहे. न थांबणारे शिखर जागच्या जागी असेल आणि बाकीचीच सरकली असतील, तर मोबाइल फेजचे प्रमाण, सामू किंवा तापमान तपासा. हा एक भेद पाहिल्याने माझे शोधाचे काम कितीतरी वेळा निम्म्यावर आले आहे.

आम्लारीधर्मी पदार्थांची शिखरे मागे शेपटी सोडत असतील, तर सिलिकावरचे उघडे राहिलेले गट त्यांना धरून ठेवत असण्याची शक्यता असते. सामू ३ च्या आसपास आणून पाहा. शिखर पुढच्या बाजूने ओघळत असेल, तर नमुना जास्त झाला आहे. प्रत्येक शिखर दुभंगले असेल, तर कॉलमच्या तोंडाशी काहीतरी बिघडले आहे.

१०. कॉलम धुवा आणि मगच यंत्र बंद करा

नवशिकी असताना एका संध्याकाळी मी फॉस्फेट बफर आणि अॅसिटोनायट्राइलवर काम संपवले आणि घाईत पंप थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइलवर टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवाह ०.२ वरून ०.५ वर नेताच दाब ३०० बारच्या पलीकडे गेला आणि मर्यादा ओलांडल्यामुळे पंप थांबला. कॉलमच्या तोंडाशी असलेला नट सोडला, तर फेरूलभोवती पांढरी, खरखरीत भुकटी जमली होती. सेंद्रिय द्रावकात फॉस्फेट विरघळत नाही, त्यामुळे बफर जिथे होता तिथेच त्याचा अवक्षेप झाला होता. ०.२ मिलिलिटर प्रवाहाने रात्रभर दहा टक्के मेथॅनॉल असलेले पाणी फिरवल्यावर दाब उतरला, पण शिखर कायमचे दुभंगलेले राहिले आणि तो कॉलम टाकून द्यावा लागला.

म्हणून बफर वापरला असेल, तर आधी बफरच्या जागी नुसते पाणी घेऊन ९० भाग पाणी आणि १० भाग सेंद्रिय द्रावक असे मिश्रण अर्धा तास फिरवा. अगदी शंभर टक्के पाणी मात्र नको, कारण साध्या सी-१८ कॉलममधून नुसते पाणी वाहून प्रवाह थांबला की कणांच्या छिद्रांतून पाणी बाहेर पडते आणि पुढच्या वेळी घटक थांबेनासे होतात. त्यानंतर अर्धे-अर्धे मिश्रण आणि शेवटी कॉलमच्या सूचनापत्रात साठवणीसाठी सांगितलेला द्रावक. आपल्या कॅफीनच्या प्रयोगात बफर नव्हता, त्यामुळे थेट दुसऱ्या पायरीपासून सुरुवात चालेल. सुई धुण्याच्या आणि पंपाचे सील धुण्याच्या बाटल्या भरलेल्या आहेत का तेही याच वेळी पाहा. प्रवाह हळूहळू शून्यावर आणा, दाब पूर्ण उतरू द्या आणि मगच कॉलम काढा.

दोन्ही टोकांना बुचे घट्ट लावा, म्हणजे आतील द्रावक सुकणार नाही. कॉलमच्या डबीवर आज कोणता पदार्थ तपासला, किती इंजेक्शने झाली, शेवटचा दाब किती होता, प्लेट्स किती आल्या आणि आत कोणता द्रावक भरून ठेवला आहे, हे तारखेसह लिहा. उद्या हा कॉलम ज्याच्या हाती जाईल, त्याने पंप सुरू करण्याआधी डबीवरची शेवटची ओळ वाचलेली असली पाहिजे.